छबूबाईच्या गोळ्यांचे वाटे

घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, अंगठ्याने दाबलं की खळगा पडायचा. सकाळी आठला तो तीन आकडे मोजेपर्यंत भरून यायचा, जेवणाच्या सुट्टीत सहा, आणि संध्याकाळी मशीन बंद करून नकोशी बाकावर बसली की अकरा. त्या शनिवारी तिने चौदापर्यंत मोजलं तरी खळगा पुरता बुजला नव्हता. तिने सलवारीचा पायचा खाली ओढला आणि डब्याची पिशवी उचलली.

बारामतीच्या एमआयडीसीतल्या कपड्यांच्या कंपनीत ती नऊ वर्षं शर्टाच्या कॉलरी शिवत होती. तासाला साठ कॉलरी. आकडा दर तासाला समोरच्या फळ्यावर चढायचा. पाणी प्यायलं की उठावं लागतं आणि उठलं की फळ्यावरचा आकडा पडतो, हे तिथं आलेली प्रत्येक बाई पहिल्या महिन्यातच शिकते, आणि मग बाटली भरून आणते ती तशीच भरलेली घरी नेते. डबा दहा मिनिटांत संपवायचा. चपाती, लोणचं, शेंगदाण्याची चटणी, कुणीतरी आणलेलं फरसाण. नकोशीच्या आईने भाकरीबरोबर माळावरच्या पाथरीची नाहीतर तांदुळजाची भाजी खाल्ली असती, पण निवडून शिजवायला सकाळचा अर्धा तास लागतो, आणि तो नकोशीकडे नव्हता. नवरा मल्हार गळीत हंगामात माळेगावच्या कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायचा, तो घरी यायचा तो झोपायला. पाणी भरणं, स्वयंपाक, बारावीला असलेल्या श्रेयाचा डबा, सासूचा चहा, हे सगळं साडेसातच्या आत उरकायला लागायचं.

तिचं बीपी वाढलेलं होतं. हे तिला दोन वर्षांपासून माहीत होतं. कालव्याच्या कडेला पारध्यांची चाळीसएक घरांची वस्ती आहे, तिथं तेव्हा सरकारी दवाखान्याचं तपासणी शिबिर भरलं होतं. नकोशीच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली आणि चिठ्ठीवर १६८/१०४ असं लिहून दिलं. वय छत्तीस. मंगळवारी दवाखान्यात या, कार्ड काढू, गोळ्या चालू करू, असं सांगितलं. मीठ कमी करा, रोज चालायला जा, ताण घेऊ नका, हेही सांगितलं. शेजारची कौसल्या चार घरची धुणीभांडी करायची. तिलाही तेच सांगितलं होतं. ती म्हणाली, "ताण घ्यायला कोण जातंय बाई? त्यो घरपोच येतोय." बाया हसल्या, आणि शिबिर संपलं.

येते म्हणाली होती नकोशी. मंगळवार मात्र आले आणि गेले. मंगळवारी सकाळी नऊ ते बारा दवाखाना, आणि त्याच वेळात कंपनी. विचारलं तर ती हेच कारण सांगायची. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं.

वस्तीत कार्ड होतं ते एकटीचं. नकोशीच्या सासूचं, छबूबाईचं. कागदावर तिचं वय बासष्ट. खरं कुणालाच ठाऊक नव्हतं. छबूबाई दर महिन्याला दवाखान्यात जायची, दंड पुढे करायची, आणि तीस गोळ्यांची पाकिटं पदरात बांधून घरी आणायची. त्या दिवशी संध्याकाळी दिवा लागायच्या आधी परात मांडली जायची. छबूबाई कात्रीने पाकिटाच्या पट्ट्या कापायची, एकेक गोळी वेगळी करायची, आणि परातीत चार ढीग घालायची. एक स्वतःचा, एक सुनेचा, एक कौसल्येचा, आणि एक इंदापूरला असलेल्या धाकट्या बहिणीचा, मुक्ताबाईचा. तीस गोळ्यांच्या सात-सात झाल्या की दोन उरायच्या. त्या महिन्यात जिचं डोकं जास्त दुखलं असेल तिला. मुक्ताबाईचा वाटा कागदात बांधून इंदापूरकडे जाणाऱ्या कुणाच्याही हाती एसटीने जायचा.

हा तिच्या घरचा जुना कायदा होता. छबूबाईचा बाप इंदापूरच्या माळावर तित्तर धरायचा, ससा धरायचा. पालावर जे यायचं त्याचे वाटे पडायचे. फास कुणी लावला, धावलं कोण, हे बघायचं नाही. म्हाताऱ्या रांडमुंडीलाही वाटा, आणि जो त्या दिवशी पालावर नाही त्याचाही बाजूला काढून ठेवायचा. एकट्याने खाल्लेलं घशाखाली उतरत नाही, असं तो म्हणायचा. शिकार कधीच बंद झाली. फास कुठल्या कुठे गेले. आता घरात येणाऱ्या वस्तूंत वाटण्यासारखं फारसं काही नसायचं. दवाखान्याच्या गोळ्या मात्र होत्या, आणि त्या तिच्या एकटीच्या नावाने येत होत्या, म्हणजे त्यांचे वाटे पडणं तिला सूर्य उगवण्याइतकं साधं वाटलं.

वाटे सात गोळ्यांचे आणि दिवस तीस. तेव्हा गोळी कधी घ्यायची तर डोकं ठणकलं की, मानेत कळ आली की, डोळ्यांपुढे काजवे चमकले की. नकोशी रविवारी एक घ्यायची आणि उरलेल्या शिपमेंटच्या आठवड्यासाठी राखून ठेवायची. छबूबाई आपल्या वाट्यातल्याही देऊन टाकायची. दवाखान्यात मात्र दर महिन्याला पट्टा आवळला जायचा आणि आकडा होता तिथंच असायचा. मग डॉक्टरांनी गोळी वाढवली. पाच मिलिग्रॅमची दहाची केली. तरी उतरेना, म्हणून दुसऱ्या रंगाची गोळी जोडली. परातीतले ढीग मोठे झाले. छबूबाईला ती दवाखान्याची दानत वाटली. हल्ली बरी माणसं आलीत तिथं, असं ती कौसल्येला म्हणाली.

हे सगळं कुठं चुकतंय ते घरात दोघींना कळत होतं. श्रेयाला कळत होतं, कारण ती विज्ञान शाखेत होती आणि तिने आईला सांगितलं होतं की ही गोळी डोकेदुखीची नव्हे. ती रोज घेतली तर रक्तात टिकून राहते आणि काम करते, चार दिवसांआड घेतली तर घेतल्यासारखी नाही. आणि नकोशीला कळत होतं, कारण ती मशीनवर काम करत होती. धाग्याचा ताण तासभर बरोबर आणि पुढचा तास ढिला ठेवला तर निम्म्यासुद्धा कॉलरी चालत नाहीत. सगळं बंडल परत येतं.

मग बोलायचं का नाही? ते कारण ती कुणाला सांगत नव्हती.

कंपनीत तिसऱ्या वर्षी एकदा लाईनवरची धागे कापायची परदेशी कात्री सापडेना. चाळीस बाया लाईनवर होत्या. पहिली पिशवी उघडली ती नकोशीची. कुणी काही बोललं नाही, वाईट शब्द काढला नाही. फक्त पहिली पिशवी तिची. कात्री नंतर लाईनचा सुपरवायझर रणजित याच्याच टेबलाखाली सापडली. तो दुसऱ्या दिवशी तिच्या मशीनपाशी आला, काही न बोलता नवी बॉबिन ठेवून गेला, आणि पुढे कधीही त्याने तिची पिशवी उघडू दिली नाही. माणूस वाईट नव्हता. पण पिशवी उघडली तेव्हाचे सगळ्यांचे डोळे नकोशीच्या पाठीला अजून लागायचे. आता सरकारी दवाखान्यात जाऊन, टेबलापुढे उभं राहून, दुसरीच्या नावावर आलेलं औषध दोन वर्षं आपण खातोय हे सांगायचं, म्हणजे काय सांगायचं? पारध्याच्या बाईने तोंडाने ते म्हटलं की ऐकणारा पुढचा शब्द आपणच जोडून घेतो. त्यात कार्ड काढून घेतलं तर चौघींचंही तुटेल. पुढच्या मंगळवारी बघू, असं ती स्वतःला सांगायची. असे शंभर मंगळवार झाले होते.

त्या शनिवारी ती कंपनीतून घरी आली तेव्हा छबूबाई उंबऱ्यात बसली होती. इंदापूरहून फोन आला होता. मुक्ताबाई सोमवारी सकाळी भाजीबाजार झाडता झाडता खाली बसली ती उठली नाही. डावा हात, डावा पाय गेला. पाच दिवस दवाखान्यात ठेवून आजच घरी आणलं होतं. छबूबाईला घाबरवायचं नाही म्हणून कुणी कळवलं नव्हतं.

रविवारी दोघी सकाळच्या एसटीने निघाल्या. हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रेंगाळत होती. छबूबाई खिडकीशी बसली होती, पण सगळ्या वाटेत तिने एकदाही बाहेर बघितलं नाही. मांडीवर कागदाची पुडी होती. जाणारं कुणी न भेटल्याने राहून गेलेला, या महिन्याचा मुक्ताबाईचा वाटा.

मुक्ताबाईची खोली बाजाराच्या मागे. ती खाटेवर होती, डावा हात गोधडीवर ठेवला होता तसाच पडला होता, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. तोंड एका बाजूला ओढलं होतं. बोलायची, पण शब्द ओले होऊन बाहेर यायचे, आणि तिची सून छकुली ते पुन्हा सांगायची. छबूबाई बहिणीच्या पायाशी बसली. रडली नाही. पायाचे तळवे चोळत राहिली, आधी उजवा, मग डावा, जणू डाव्याला राग येऊ नये म्हणून.

थोड्या वेळाने मुक्ताबाईने छकुलीला खूण केली. छकुलीने उशाखालून मिसरीचा जुना डबा काढला आणि छबूबाईच्या हातात दिला. झाकण उघडलं तर आत गोळ्या. पांढऱ्या, गुलाबी, काही पाकिटाच्या तुकड्यासकट. बऱ्याच होत्या, चार-पाच महिन्यांच्या तरी.

"खात नव्हत्या," छकुली म्हणाली. "लईच डोकं धरलं तर एखादी. बाकीच्या तुमच्यासाठी ठेवायच्या. म्हणायच्या, अक्काला कमी पडत असत्याल, ती आपल्या तोंडचं काढून धाडतीया."

नकोशीने विचारलं, इथं इंदापूरलाही सरकारी दवाखाना आहे, तिथं मावशींचं कार्ड का काढलं नाही. छकुलीने मुक्ताबाईची गोधडी सारखी केली. मग म्हणाली, एकदा नेलं होतं. रांगेत उभ्या राहिल्या, तर मागच्या बाईनं आपली पिशवी पुढं ओढून घेतली. सासूबाई म्हणाल्या, चल घरी, आणि पुन्हा गेल्या नाहीत.

मुक्ताबाई यावर हसल्यासारखं करत होती. अर्ध्या तोंडाने.

परतीची गाडी चारची मिळाली. निमगाव केतकी मागे पडलं. मिसरीचा डबा छबूबाईच्या पिशवीत होता. गाडीने धक्का खाल्ला की आतल्या गोळ्यांचा आवाज यायचा. नकोशीचं डोकं कानशिलापाशी ठणकत होतं. ती रविवारची गोळी घ्यायला विसरली होती, आणि आता सासूकडे मागायचा धीर होत नव्हता.

"आत्या," शेवटी ती म्हणाली, "ह्ये वाटं आता बंद करायला पायजेत."

छबूबाईने मान वळवली नाही.

"गोळी रोजच्या रोज खायची असती. सात दिसांच्या गोळ्यांत महिना भागत न्हाय. तुमचंबी न्हाय, आमचंबी न्हाय. मावशीचं बघितलंत नव्हं?"

"मुक्तीनं खाल्ल्या न्हाईत," छबूबाई म्हणाली. "खाल्ल्या असत्या तर झालं नसतं."

"सगळ्या खाल्ल्या असत्या तरी महिन्याला सात दिसांच्याच."

"मग काय करू? समद्या मी एकटीनं गिळू? तू समोर डोकं धरून बसायची, कौशी जिन्यावरनं पडायची, आन मी घटाघटा पाणी पिऊन गोळी खायची? घशाखाली उतरंल का माझ्या?"

नकोशी म्हणाली की दवाखान्यात खरं ते सांगू, प्रत्येकीचं वेगळं कार्ड होईल. छबूबाईने तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. रागाने नाही, नुसतंच, दमलेल्या माणसाने बघावं तसं.

"सांग की. कार्ड काढून घेत्याल. म्हणत्याल, म्हातारी सरकारचं औषध इकती. तू शिकल्याली हायस, तुला ठावं हाय आपल्याला काय म्हणत्याती." मग जरा वेळाने, आवाज आणखी खाली आणून, "माझ्या म्होरं सांगू नगंस. मी मेल्यावर सांग."

गोळ्या वाजू नयेत म्हणून तिने पिशवी पोटाशी धरली.

घरी आल्यावर श्रेयाने सगळं विचारून घेतलं. मुलगी बोलायची कमी, पण एकदा बोलली की नेमकं. म्हणाली, आजीच्या कार्डावर डॉक्टरांनी जे लिहिलंय ते आजीच्या अंगाला कधी माहीतच नाही. दिवाळीचं आठवतंय ना? नकोशीला आठवत होतं. दिवाळीच्या सुमारास दवाखान्याची तारीख होती, आणि मागच्या खेपेला सिस्टर रागावल्या म्हणून छबूबाईने दोन दिवस कार्डाप्रमाणे पुऱ्या गोळ्या घेतल्या होत्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं पुस्तक उघडतात तशा. तिसऱ्या दिवशी पहाटे ती मोरीत उठून उभी राहिली आणि जागच्या जागी कोसळली. भुवईवर तीन टाके पडले. पाय घसरला, असं सगळ्यांना सांगितलं.

"डोस वाढवलाय तो ती रोज खाते असं समजून," श्रेया म्हणाली. "तो खरंच रोज खाल्ला तर आजी पुन्हा पडेल. या वेळी टाक्यांवर भागणार नाही."

सोमवारी नकोशीने मंगळवारचा अर्धा दिवस मागितला. रणजितने फळ्याकडे बघितलं, मग कॅलेंडरकडे. बुधवारी माल जायचा होता. सासूला दवाखान्यात न्यायचंय, ती म्हणाली. तो म्हणाला, दर महिन्याला त्या एकट्याच जातात की. नकोशी तशीच उभी राहिली. तिचा चेहरा बघून त्याने पुढे विचारलं नाही. दीडला मशीनवर पाहिजेस, एवढंच म्हणाला.

सासूला सांगितलं की रस्त्यावर ट्रॉल्या फार आहेत म्हणून मी सोबत येते. छबूबाईने ओळखलं असणार. ती आडवी आली नाही. सकाळी निघताना तिने लुगडं बदललं, कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं, आणि वाटभर सुनेच्या एक पाऊल पुढे चालत राहिली.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर दहा-बारा बाया होत्या. नंबर यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात नकोशीने मनाशी वाक्य जुळवलं, मोडलं, पुन्हा जुळवलं. कुठल्याही बाजूने सुरुवात केली तरी ते मध्येच कुठंतरी चोरीपाशी जाऊन थांबायचं.

आत टेबलापाशी स्वराली सिस्टर होत्या. माळेगाव बुद्रुकच्या, पंचविशीच्या, शांत आवाजाच्या. त्या पट्टा घाईत बांधत नसत. आधी पाच मिनिटं बसवायच्या, पाय जमिनीवर टेकवायला लावायच्या, मग मोजायच्या, आणि जास्त आलं तर दोन मिनिटांनी पुन्हा मोजायच्या. पहिल्यांदा १८२ आलं. दुसऱ्यांदा १७८ वर १०२. सिस्टरांनी कार्ड उघडून मागचे सगळे आकडे बोटाने खाली खाली वाचत नेले.

"आजी, दोन वर्षांत दोन औषधं झाली, डोस दुप्पट झाला, आणि तुमचा आकडा हलत नाही. गोळ्या घेता ना?"

"घेती की," छबूबाई म्हणाली.

"लोणचं, पापड?"

"सोडलं कवाच."

सिस्टरांनी मान हलवली. त्यांनी विश्वास ठेवला की नाही ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं. त्या आतल्या खोलीत डॉक्टरांकडे कार्ड घेऊन गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांचा आवाज बाहेर येत होता, चढा नव्हता, नुसता कंटाळलेला. ही माणसं घरी औषध घेत नाहीत, नेलेलं टाकून देतात. तिसरी गोळी चालू करा, आणि समोर गिळायला लावा. आजची इथंच. उद्यापासून आशाताई रोज सकाळी घरी जातील, तोंड उघडून बघतील.

सिस्टर परत आल्या. त्यांना ते बोलणं बाहेर ऐकू गेल्याचं अवघडलेपण होतं. त्यांनी कपाटातून पाकिटं काढली, एका झाकणात तीन गोळ्या टाकल्या. एक पांढरी मोठी, एक गुलाबी, एक नवी पिवळी. पेल्यात पाणी ओतलं.

"आजी, आता ह्या माझ्यापुढं घ्यायच्या. रागावून नाही सांगत. मुक्काम पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पडायला नको म्हणून सांगते."

छबूबाईने हात पुढे केला. नाही म्हटलं असतं तर का नाही ते सांगावं लागलं असतं. तिचा तळवा कोरडा होता, त्यावर गोळ्या पडल्या तेव्हा बोटं जराशी आखडली. दुसऱ्या हाताने तिने टेबलाखाली नकोशीचं मनगट धरलं. घट्ट. त्या पकडीत गप बस एवढंच होतं. म्हातारीने ठरवलं होतं. तीनही गोळ्या गिळायच्या, उद्याही, परवाही, आणि मोरीत पडायचं तेव्हा पडायचं.

नकोशीच्या कानात तिचंच रक्त वाजत होतं. मागे दारात पुढच्या नंबरची बाई येऊन उभी होती, तिच्यामागे आणखी एक. आतल्या खोलीत डॉक्टर होते. जुळवून ठेवलेलं वाक्य आठवेना. छबूबाईने तळवा तोंडाशी नेला.

नकोशीने आपलं मनगट सोडवलं आणि सासूच्या तळव्यावर हात ठेवला.

"सिस्टर, ह्या देऊ नका त्यांना."

सिस्टरांनी वर बघितलं.

"पडतील त्या. दिवाळीत दोन दिवस पुऱ्या गोळ्या घेतल्या तर मोरीत पडल्या, तीन टाके आले. कार्डावर लिहिल्यात एवढ्या त्यांनी कधी खाल्ल्याच न्हाईत." आवाज तिला वाटला होता तेवढा कापत नव्हता. नुसता दमलेला होता, दिवसभर मशीनच्या आवाजावर बोलून बसतो तसा. "टाकून देत न्हाईत त्या. वाटतात. मला, शेजारच्या कौसल्याला, आन इंदापूरच्या त्यांच्या बहिणीला. तिला मागल्या आठवड्यात सोमवारी लकवा मारला."

छबूबाई पारधीत काहीतरी पुटपुटली. ऐकायला ती शिवी वाटली असती. ती शिवी नव्हती. आता तुझंही तुटलं, असं ती म्हणाली होती.

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी कार्डावरच्या न उतरलेल्या आकड्यांकडे बघितलं, आणि मग छबूबाईच्या भुवईवरच्या खुणेकडे. तळव्यावरच्या गोळ्या त्यांनी एकेक करून परत झाकणात घेतल्या. किती दिवसांपासून, असं त्यांनी विचारलं. आवाज हळूच होता, पण दारातल्या बायांनी ऐकलंच. त्या पुढे सरकल्या नव्हत्या, मागेही गेल्या नव्हत्या.

"दोन वर्षं," नकोशी म्हणाली. "चोरल्या न्हाईत मी. त्यांनी दिल्या, मी खाल्ल्या. शिबिरात माझं एकशे अडुसष्ट निघालं व्हतं, तवाच यायला पायजे व्हतं, आले न्हाई." तिने बाही वर केली आणि दंड टेबलावर ठेवला. "त्यांचं कार्ड हाय तसं राहू द्या, सिस्टर. माझं माझ्या नावानं काढा."